जुनी डिझेल जीप दर दहा-बारा दिवसांनी हवा धरते (डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरते) आणि बंद पडते. नेमकं कुठं शोधू?

संत्रावाला, चांदूर बाजार तालुका

राजेहो, नमस्कार. पोस्ट मोठी आहे. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवटच येतात, म्हणून सगळं लिहितो.

गाडी १९९९ मॉडेलची डिझेल जीप, एमएच-२७ पासिंग, बाबांनी घेतलेली. साधं डीआय इंजिन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. इनलाइन डिझेल पंप, डिझेल फवारणारे चार नोझल, दोन फिल्टर आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावर हातानं दाबायचा प्रायमर. पंधरा वर्षं झाल्यापासून आरटीओत पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करत आणली आहे. काढून टाक म्हणणारे रोज भेटतात. पण घरी संत्र्याची बाग आहे, तीन एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे, आणि वेचणीला मेळघाटातून ज्या बाया येतात त्यांना आणणं-सोडणं याच गाडीवर आहे. नव्या गाडीचा हप्ता एवढ्या वावरातून निघत नाही.

दुखणं असं. चालता चालता ॲक्सिलेटरला दम राहत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला की कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते. दोन-तीन झटके देते आणि बंद. प्रायमर दाबला की पोकळ जातो, हाताला काहीच अडत नाही. पन्नास-साठ वेळा दाबून फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट सैल केला की आधी फेस येतो. फेस संपून सलग धार लागली की बोल्ट आवळायचा आणि सेल (स्टार्टर) मारायचा. गाडी चालू होते, दोन किलोमीटर जाते, कधी पाच, की पुन्हा तेच.

मिस्त्रीकडं नेली की बरी होते. दहा-बारा दिवस एकदम छान चालते. आता दुरुस्त झाली असं वाटू लागतं आणि पुन्हा बंद पडते. गेल्या चौदा महिन्यांत फीड पंपाचं किट दोनदा टाकलं. फिल्टरचे सहा जोड झाले. बेंजो बोल्टची (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं सगळी नवी. नोझल तपासले, दोन बदलले. टाकी भादव्यात धुतली. मे महिन्यात आणखी एक त्रास सुरू झाला होता, इंजिन तापलं की सेल मारून मारून बॅटरी बसायची पण गाडी उठत नव्हती. मिस्त्रीनं पंपावर ओलं पोतं टाकून वरून थंड पाणी ओतलं आणि गाडी लगेच उठली. तो म्हणाला, "पंपातले एलिमेंट घासले, भाऊ. पंप खोलाच लागन." पंप बेंचवर लावून एलिमेंट (डिझेल दाबणारे दट्टे) बदलले, १९ हजार गेले. तापल्यावर न उठण्याचा त्रास तेव्हापासून खरंच गेला. पण हे दहा-बारा दिवसांचं दुखणं जसंच्या तसं आहे.

१८ डिसेंबरची गोष्ट सांगतो. परतवाड्याहून सेमाडोहकडं बाया सोडायला निघालो होतो. घटांगच्या अलीकडं, चढावर, दिवस बुडताना गाडी बंद पडली. गाडीत सात बाया, एकीच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. फोनला रेंज नाही. मी प्रायमर मारतोय, हात डिझेलनं भिजलेले, थंडीनं बोटं इतकी आखडली की पाना बोल्टवर बसेना. त्यातल्या एका बाईनं न बोलता आपल्या गाठोड्यातलं धुतलेलं लुगडं काढलं, त्याची दुहेरी घडी कॅनच्या तोंडावर धरली आणि म्हणाली, ओता, गाळून ओता. दुसरीनं मोबाईलची बॅटरी धरली. सहा वेळा हवा काढली तेव्हा कुठं रात्री साडेदहाला पोचलो. लेकरू लुगड्यात गुंडाळलेलं होतं, रडलं नाही. त्या बायांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही, पण मी त्या दिवसापासून गाडी घाटात घातलेली नाही. त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडतो आणि पुढचं तिकीट देतो.

नेमकं कुठं शोधू? आता पैसे नवे भाग घेण्यात नाही, दुखणं सापडण्यात घालायचे आहेत.

ट्रॅक्टरवाला, दर्यापूर

भाऊ, पह्यले हे सांगा, डिझेल पंपावरून डायरेक्ट टाकीत टाकता का ड्रममधून? आमच्याकडं दहातल्या सात गाड्यांचं दुखणं ड्रम हाय. पावसाळ्यात ड्रमच्या झाकणावर पानी साचते, रात्री थंडावला का ड्रम श्वास ओढते आन् झाकणाच्या आट्यातून पानी आत. तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन रातभर ठेवा, सकाळी दिसन.

आन् टाकीत दर वेळी लिटरभर रॉकेल टाकत जा, मेण-गाळ काई रायत नाई. मी तर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीचं) पन टाकतो.

संत्रावाला, चांदूर बाजार तालुका

दादा, ड्रम आहे. गोठ्याच्या भिंतीला लागून २०० लिटरचा लोखंडी ड्रम, फवारणीच्या पंपासाठी आणि शेतातल्या इंजिनसाठी. त्यातलं डिझेल जीपमध्येही जातं.

तुम्ही सांगितलं तसं काल रात्री नळी तळाला टेकवून काचेच्या बरणीत घेतलं. सकाळी बरणी खिडकीत उजेडाला धरली. वर डिझेल, तळाशी बोटभर पाणी, आणि दोघांच्या मधोमध काळपट, चिकट, जाळीसारखा थर. बरणी कलती केली की तो थर तुटत नाही, एका तुकड्यात घसरतो. काडीनं उचलला तर शेवाळासारखा लोंबतो. हे मी चौदा महिने गाडीच्या पोटात घालत होतो.

ड्रम आजपासून जीपसाठी बंद. पण एक अडतंय. भादव्यात टाकी धुतली तेव्हाही दहा दिवस बरी चालली आणि अकराव्या दिवशी बंद पडली. कचराच कारण असता तर धुतल्यावर निदान दोन-तीन महिने तरी चालायला हवी होती, नाही का?

जुना फिटर, वाशीम

संत्रावाले भाऊ, एसटीच्या डेपोत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच डिझेलच्या कामावर. तुमची शंका रास्त आहे. बरणीत दिसलेला थर म्हणजे पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं वाढणारे जंतू आणि बुरशी. तो फिल्टर चोंदतो, टाकी गंजवतो, नोझल खातो. ड्रम बंद केलात हे उत्तम. पण चोंदलेल्या फिल्टरची गाडी हळूहळू मरत जाते आणि प्रायमर जड लागतो. तुमचा प्रायमर पोकळ जातो आणि फेस येतो. म्हणजे तुमच्याकडं हवा शिरते आहे.

भाग बदलणं थांबवा. आधी दुखणं लाईनच्या कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवू.

टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपापासून पुढं ते ढकललं जातं. ढकलण्याच्या बाजूला भेग असेल तर डिझेल बाहेर येतं, ओलं दिसतं, त्यावर धूळ बसून काळा डाग पडतो, आंधळ्यालाही हाताला लागतो. ओढण्याच्या बाजूला भेग असेल तर बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत जाते. पाईप कोरडा ठणठणीत दिसतो आणि मिस्त्री म्हणतो, लाईन चांगली आहे. जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त दिवस इथंच वाया जातात.

म्हणून गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती दीड हात आणा. टाकीकडून येणारा पाईप फीड पंपाजवळ सोडवा, मधे ती नळी बसवा, दोन्हीकडं क्लिप घट्ट. गाडी चालू करून नळीकडं बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते निघून जाऊ द्या. त्यानंतरही मण्यांसारखे बुडबुडे येतच राहिले तर दुखणं टाकीच्या बाजूला. नळी स्वच्छ असूनही फिल्टरवर फेस येत असेल तर फीड पंप किंवा त्याच्या पुढं बघायचं. ही नळी फक्त तपासणीपुरती. डिझेलमध्ये ती महिन्याभरात काडीसारखी कडक होते, तशीच ठेवून देऊ नका.

दुसरी तपासणी. पाच लिटरचा स्वच्छ कॅन सीटजवळ बांधा, फीड पंपाची नळी त्यात सोडा, परतीचा पाईपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) त्यातच सोडा. टाकी पूर्ण बाजूला पडली. त्यावर गाडी चालवा. दुखणं आलं तर टाकी निर्दोष सुटली, नाही आलं तर टाकी किंवा तिथून येणारी लाईन.

तिसरी, फुकटची. गाडी मरायला लागली की थांबून टाकीचं झाकण उघडा. 'स्सस' आवाज येऊन हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुधारली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय.

एक काळजी मात्र घ्या. हवा काढताना फिल्टरवरचा बोल्ट सैल करा, हरकत नाही. पण चालू इंजिनवर नोझलच्या पाईपची गळती बोटानं चाचपू नका. तिथं दोनशे बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो, सुईएवढ्या भोकातून आलेली धार कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडतं. पुठ्ठा धरून बघायचं. आणि डिझेल तोंडानं ओढू नका, आपल्याकडं सर्रास ओढतात. फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो.

दर्यापूरच्या दादांना: रॉकेल नको. पंपातले एलिमेंट डिझेलच्याच ओलाव्यावर सरकतात, त्यांना दुसरं वंगण नाही. रॉकेलनं तो ओलावा पातळ होतो. गाळ रॉकेलनं जात नाही, टाकी उतरवून धुतल्यानंच जातो.

पिकअपवाला, पुसद

माझ्या मते हे बीएस-६ डिझेलचं (नव्या प्रदूषण-नियमांनुसार आलेल्या डिझेलचं) आहे. जुन्या गाड्यांना ते मानवतच नाही, तेव्हापासूनच आमच्याकडं जुन्या गाड्यांचे पंप गळायला लागले.

जुना फिटर, वाशीम

त्यात थोडं खरं आहे, पण पूर्ण नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत असतं, त्याआधी ५० पर्यंत चालायचं. गंधक काढताना डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून कंपन्यांना तो वेगळा घालावा लागतो आणि त्याची मर्यादा मानकातच ठरलेली आहे. त्यामुळं पंप घासतो असं सरसकट म्हणता येणार नाही. मात्र जुन्या डिझेलवर वर्षानुवर्षं फुगून बसलेली रबरी ओरिंग आणि पाईप नव्या डिझेलवर आकसतात, हे मी डेपोत डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा रबरी पाईप गाडीत असेल तर तो बदलाच, फार खर्च नाही. पाईप वाकवून बघा, बाहेरून भेगा दिसतील. कधीकधी बाहेरून चांगला आणि आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, तेव्हा कापूनच बघावा लागतो.

संत्रावाला, चांदूर बाजार तालुका

काका, तुम्ही सांगितलं ते सगळं केलं, क्रमानं लिहितो.

झाकणाचं भोक मोकळं आहे, तार घालून पाहिलं, आवाजही येत नाही.

रबरी पाईप तिन्ही बदलले. मधला कापून पाहिला, आतला थर शाबूत होता.

चार दिवसांपूर्वी मिस्त्रीकडून गाडी आणली, रस्त्यात पंपावर डिझेल भरलं, आणि दुसऱ्या दिवशी लेव्हल नळी बसवली. अर्धा तास गाडी जागेवर चालवली, मग गावाच्या शिवेपर्यंत जाऊन आलो. धाकटा भाऊ बॉनेट उघडून वाकून बघत होता. नळी स्वच्छ. एक बुडबुडा नाही, डिझेल असं सरळ जातंय की ते हलतंय हेही कळत नाही.

कॅनवरही दोन दिवस चालवली, काही झालं नाही. पण टाकीवरही काही होत नाहीये, मग ह्यातून काय ठरवायचं?

मिस्त्री म्हणतो ओढण्याची बाजू चांगली निघाली, म्हणजे आता पंपच पुन्हा खोलायचा. माझं मन धजत नाही. कापसाचे पैसे अजून आलेले नाहीत.

मोर्शीची ताई

भाऊ, मी मिस्त्री नाही. आमची दुधाची गाडी आहे, चालवतात हे, हिशोब मी ठेवते. म्हणून एक साधा प्रश्न विचारते, चूक असेल तर सोडून द्या.

दर वेळी दुरुस्ती झाली की तुम्ही डिझेल किती टाकता? आणि बंद पडते तेव्हा टाकीत किती असतं?

तुम्ही वर लिहिलंय, मिस्त्रीकडून आणली, रस्त्यात डिझेल भरलं. भादव्यात टाकी धुतली तेव्हाही रिकामी करून पुन्हा भरलीच असेल. आमची गाडी मागं असंच करायची तेव्हा मला वहीत ते दिसलं होतं. दुरुस्तीच्या तारखेखाली दर वेळी मोठ्या रकमेचं डिझेल.

जुना फिटर, वाशीम

ताई, हा प्रश्न पहिल्याच उत्तरात मी विचारायला हवा होता. माझ्याकडून राहिला. संत्रावाले भाऊ, गाडीचा डिझेलचा काटा चालू आहे का? आणि बंद पडायच्या आधी दोन दिवस सकाळी सेल जास्त मारावा लागतो का?

संत्रावाला, चांदूर बाजार तालुका

ताई, मी काल रात्री वही काढली. अजून हात थरथरतोय असं लिहिलं तर खोटं नाही.

काटा सहा-सात वर्षांपासून मेलेला आहे. अंदाजानंच डिझेल टाकतो. वही म्हणजे वेचणीची, पुढून प्रत्येक बाईचे किलो आणि मागून गाडीचा खर्च. मागची पानं उलटी वाचत गेलो.

१४ नोव्हेंबर, फीड पंपाचं किट, खाली डिझेल ३०००. २५ नोव्हेंबर, बंद. २६ नोव्हेंबर, फिल्टर आणि वायसर, खाली डिझेल ३०००. ६ डिसेंबर, बंद. ७ डिसेंबर, नोझल, डिझेल ३०००. १८ डिसेंबर, घाट. प्रत्येक दुरुस्तीखाली तीन हजार, कारण मिस्त्री दर वेळी सांगायचा, "टाकी भरून घ्या भाऊ, कमी डिझेल असलं का तळाचा कचरा वर येते." त्यानं भल्यासाठीच सांगितलं आणि मी ऐकलं. त्या सल्ल्यानंच गाडी बरी होत होती, आम्ही दोघंही श्रेय नव्या भागाला देत होतो.

आणि एक नोंद अशी की मी वाचता वाचता थांबलो. डिसेंबरच्या शेवटी बहिरमच्या यात्रेला पाहुणे घेऊन गेलो होतो. रोडगे-मटण करून परतताना पाहुण्यांनी मायेनं टाकी फुल करून दिली. त्यानंतर मी मधे दोनदा पाचशे-पाचशेचं टाकलं. त्या वेळी गाडी १९ दिवस बंद पडली नाही. कुठलीही दुरुस्ती नव्हती, कुठला भाग नव्हता. फक्त डिझेल होतं.

काका, सकाळच्या सेलचं तुम्ही कसं ओळखलंत? बंद पडायच्या आधी दोन-तीन दिवस सकाळी गाडी उशिरा उठते. मी थंडीचं समजत होतो.

जुना फिटर, वाशीम

मग सापडलं. टाकीच्या आत वरून तळापर्यंत जो ओढीचा पाईप उतरतो त्याला मधेच कुठंतरी भेग किंवा भोक आहे. डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत भोकातूनही डिझेलच ओढलं जातं, काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की फीड पंप खालून डिझेल आणि मधून हवा, दोन्ही ओढतो. सावकाश चालवलं तर निभतं, दम मागितला की फेस. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं, तुमच्या गाडीत पाईप पुढच्या बाजूला असेल तर तिथली पातळी आणखी उतरते. म्हणून घाटात. आणि रात्रभर उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरून लाईनमधलं डिझेल परत टाकीत उतरतं, म्हणून सकाळचा सेल.

तुमची लेव्हल नळीची तपासणी बरोबरच होती, भरल्या टाकीवर केली एवढंच. आता टाकीतलं डिझेल काढून आत फक्त १२-१५ लिटर ठेवा आणि तीच तपासणी पुन्हा करा.

टाकी उतरवली तर एक ऐका. ओढीचा पाईप वरच्या झाकणपट्टीसकट स्क्रू खोलून बाहेर निघतो. जोडकाम त्या पाईपवर, टाकीपासून लांब नेऊन करा. टाकीला वेल्डिंगची ज्योत दाखवायची नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. डिझेल आहे, पेट्रोल नाही, असं म्हणून लोकांनी जीव गमावलेत. आणि नवीन पाईप घालणार असाल तर लोखंडी घाला, तांब्याचा नको. जस्त चढवलेला ड्रमही नको. तांबं आणि जस्त दोन्ही डिझेल लवकर नासवतात. वायसरं तांब्याची असली तरी चालतात, ती एवढीशी असतात.

संत्रावाला, चांदूर बाजार तालुका

चार दिवसांनी लिहितोय, काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी टाकीतून डिझेल काढून १४ लिटर ठेवलं. लेव्हल नळी बसवली, गाडी चालू केली, जागेवर काही नाही. धाकट्याला म्हटलं, ॲक्सिलेटर दाबून धर. तीन मोजेपर्यंत नळी स्वच्छ होती. मग पहिला मणी आला. त्याच्यामागं दुसरा, आणि मग पोह्याच्या दाण्यांसारखे एकामागं एक, नळी पांढरी झाली. ॲक्सिलेटर सोडला की कमी, दाबला की पुन्हा. आम्ही दोघं बॉनेटमध्ये वाकून किती वेळ तेच करत राहिलो. चौदा महिने मी ज्याच्या मागं होतो ते डोळ्यांसमोरून जात होतं.

टाकी उतरवली. ओढीचा पाईप आठ स्क्रू खोलून बाहेर काढला आणि धुतला. टाकीत लाटा उसळू नयेत म्हणून मधे जी आडवी पाटी असते, तिच्या कडेला तो पाईप घासत होता. त्याला धरून ठेवणारी पट्टी तुटून टाकीच्या तळाशी पडलेली सापडली, गंजून पातळ झालेली. पाईपवर, तळापासून साधारण एक वीत वर, नखाच्या रेघेएवढी चीर. उभी नाही, आडवी. उन्हात धरून फुंकर मारली तरी बोटाला हवा लागत नव्हती. खालचं टोक अंगठ्यानं दाबून पाईप पाण्याच्या बादलीत बुडवला आणि वरून फुंकलं, तेव्हा बुडबुडे निघाले.

पाईप परतवाड्याला नेऊन नवा लोखंडी बनवून घेतला, जुन्याच मापाचा, पट्टी जाड पत्र्याची आणि पाटीपासून बोटभर लांब. मजुरी आणि पाईप मिळून सहाशे रुपये. टाकी आतून तीन वेळा धुतली, काळा गाळ दीड वाटी निघाला, दादा, तुमचंही खरं होतं. ड्रम रिकामा करून उपडा ठेवलाय. त्यातलं वरचं डिझेल गाळून इंजिनला वापरीन, तळाचं नाही.

बाबांना सांगितलं. ते आता गाडी चालवत नाहीत, ओसरीत बसून असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या कदी टाकी अर्ध्याच्या खाली येऊच देल्ली नाई." ती चीर त्यांच्या काळापासून असेल की नंतरची, कुणाला सांगता येणार? मी हजार-पाचशेचं टाकून चालवतो, ते भरून चालवायचे.

काल मुद्दाम टाकीत दहा लिटर ठेवून मेहुण्याला सोबत घेतलं, पाच लिटरचा कॅन मागं ठेवला आणि घटांगपर्यंत चढवली. तिसऱ्या गिअरमध्ये. जिथं त्या रात्री बंद पडली होती तिथं थांबलो, इंजिन बंद केलं, दहा मिनिटांनी पुन्हा चालू केलं. अर्ध्या सेलला उठली. प्रायमर दाबून पाहिला, दगडासारखा घट्ट.

ताई, तुमच्या एका प्रश्नानं माझा पुन्हा पंप खोलायचा खर्च वाचला. काका, तुमचं ओढणं-ढकलणं मी धाकट्याला शिकवलंय. मिस्त्रीला पाईप नेऊन दाखवला, त्यानं हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, आता कुणाची हवा धरणारी गाडी आली की आधी टाकीत किती आहे ते विचारीन.

एकच राहिलं. ह्या मॉडेलच्या काट्याचा फ्लोट (टाकीत तरंगणारा भाग) कुठं मिळेल? परतवाड्यात, अमरावतीत दोन ठिकाणी विचारलं, नाही म्हणतात.

मोर्शीची ताई

भाऊ, वाचून फार बरं वाटलं. फ्लोट मिळेपर्यंत बांबूची काठी करा. टाकी पूर्ण रिकामी असताना पाच लिटर टाका, काठी सरळ उतरवून ओल्याच्या रेघेवर चाकूनं खाच पाडा, पुन्हा पाच लिटर, पुन्हा खाच. आमच्या दुधाच्या गाडीत तीच आहे. फक्त काठी कोरडी आणि धूळ नसलेली ठेवा, सीटच्या मागं कापडात गुंडाळून.

जुना फिटर, वाशीम

आणि शंभर किलोमीटर झाले की टाकीवरचे ते आठ स्क्रू आणि पाईपच्या क्लिपा पुन्हा एकदा आवळून घ्या, नवं पॅकिंग बसतं. फिल्टरचा पहिला जोड या वेळी लवकर बदला, धुतलेल्या टाकीतला राहिलेला गाळ महिनाभर येतच राहतो. फ्लोटसाठी नागपूरला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जुना फ्लोट घेऊन जा, माप जुळवून देतात.

संत्रावाला, चांदूर बाजार तालुका

काठी केली, नऊ खाचा. क्लिपा उद्या आवळतो. शुक्रवारी वेचणी संपते, बायांना सेमाडोहला मीच सोडायला जाणार आहे. ज्या बाईनं लुगडं धरलं होतं तिला नवं लुगडं घेऊन ठेवलंय.